सातवा लागला की सातवा सरला?

‘सातमाशी बाळ जगतं, आठमाशी जगत नाही.’ प्रसूती वॉर्डाबाहेरच्या बाकांवर हे वाक्य आजही ऐकू येतं. समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल असंच लिहून ठेवलंय. पण ते साफ चूक आहे. आई आणि बाळ दोघांना धोका नसेल, तर पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो. या समजुतीने नुकसान दोन्हीकडून होतं. सातव्यातल्या बाळाची माणसं गाफील राहतात. आठव्यातलं बाळ थोड्याशा मदतीवर तरलं असतं, पण त्याच्या माणसांनी आधीच आशा सोडलेली असते.

दुसरा घोळ महिन्यांच्या हिशेबाचा. ‘सातवा चालू आहे’ म्हणजे नेमकं किती? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सहा महिने भरले की सातवा लागतो, तेव्हा साधारण २६ आठवडे झालेले असतात. सातवा सरतो तेव्हा ३०. २६ आठवड्यांच्या बाळाचं वजन ८००-९०० ग्रॅमच्या आसपास असतं, ३० आठवड्यांच्या बाळाचं तेराशे-चौदाशे. आपल्याकडे बऱ्याचदा त्याहूनही कमी. पहिल्याला बहुधा श्वासासाठी यंत्र लागतं, दुसऱ्याला पुष्कळदा नाकातल्या नळीने दिलेला हवेचा दाब पुरतो. म्हणून डॉक्टर आठवडे विचारतात, आणि ते नक्की सांगता येण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लागते. त्या सोनोग्राफीत चूक झाली तरी पाच-सात दिवसांची होते. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच केलेली सोनोग्राफी दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते. पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, तर पुढचे निम्मे निर्णय त्याच कागदावर होतात.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे मुदतपूर्व जन्म. त्यात ३२ ते ३७ मधली बाळं सर्वांत जास्त. २८ ते ३२ ची त्याहून कमी, आणि २८ च्या आतली थोडी, पण सगळ्यात नाजूक. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली. कोणत्याही एका देशात याहून जास्त नाहीत.

आता सगळ्यांच्या ओठांवरचा प्रश्न: वाचेल का?

अमेरिकेतल्या १९ मोठ्या केंद्रांनी २०१३ ते २०१८ या काळातली आकडेवारी मांडली आहे. तिथे २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या १०० बाळांपैकी ९४ घरी गेली. २३ व्या आठवड्यातल्या ज्या बाळांवर पूर्ण उपचार झाले त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त वाचली, आणि २२ व्या आठवड्यातल्या अशा बाळांपैकी १०० तली ३०. ब्रिटनमधले नवजात तज्ज्ञ पालकांना सांगतात की अतिदक्षता मिळाली तर २४ व्या आठवड्यातली १० पैकी ६ आणि २६ व्यातली १० पैकी ८ बाळं वाचतात. दुसऱ्या टोकाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गरीब देशांत ३२ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली निम्मी बाळं दगावतात. तीही ऊब, दूध, जंतुसंसर्गावर साधे उपचार आणि श्वासाला आधार एवढं न मिळाल्यामुळे.

आपण या दोन टोकांच्या मधे कुठे तरी आहोत. कुठे, ते रुग्णालयागणिक बदलतं. म्हणून परदेशातला आकडा मोबाइलवर शोधण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘गेल्या वर्षी याच आठवड्यांची किती बाळं तुमच्याकडे दाखल झाली, आणि त्यांतली किती घरी गेली?’ चांगल्या युनिटकडे ही नोंद असते आणि ते ती सांगतात. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

आठवड्यांखेरीज आणखी चार गोष्टी पारडं झुकवतात. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात २२ ते २५ आठवड्यांच्या बाळांबद्दल असं दिसलं की बाळ मुलगी असणं, एकटं असणं (जुळं नसणं), आईला जन्माआधी स्टिरॉइड मिळालेलं असणं आणि वजन १०० ग्रॅमनी जास्त असणं, यांतली प्रत्येक गोष्ट साधारण एक आठवडा जास्त पोटात राहण्याइतका फायदा देते. यांतल्या तीन आपल्या हातात नाहीत. चौथी, म्हणजे स्टिरॉइड, आहे.

जन्माआधीचे दोन दिवस

ते इंजेक्शन आईला कमरेत किंवा मांडीत देतात. घरोघरी त्याला ‘बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन’ म्हणतात, आणि नाव बरोबरच आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवलं की प्रसूतीआधी आईला स्टिरॉइड दिलं तर बाळाच्या फुप्फुसाची तयारी लवकर होते. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे दोन, २४ तासांच्या अंतराने. पूर्ण फायदा पहिल्या डोसनंतर २४ तासांपासून सुमारे सात दिवसांपर्यंत मिळतो. पण प्रसूती काही तासांवर आली आहे म्हणून पहिला डोस टाळायचा नसतो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की दर २५ आयांना हे औषध दिलं की एक बाळ जास्त वाचतं. डेक्सामेथासोन अतिशय स्वस्त आहे. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएमनेही (आरोग्यसेविकेनेही) द्यावा, अशी केंद्र सरकारची २०१४ पासूनची सूचना आहे. तो दिला का, किती वाजता दिला, हे रेफरल चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीवर नसेल तर पुढच्या रुग्णालयात नव्याने सुरुवात करावी लागते.

म्हणून ‘असू दे, घेऊन ठेवू’ असं मात्र नको. सहा देशांत, आणि त्यात नागपूर व बेळगाव परिसरातही, हे औषध गावपातळीवर सरसकट देऊन पाहिलं होतं. आठवड्यांचा हिशेब पक्का नव्हता, बऱ्याच आया नंतर पूर्ण दिवसांच्या बाळंत झाल्या. २०१५ साली निकाल आला तेव्हा एकूण बालमृत्यू कमी होण्याऐवजी थोडे वाढलेले दिसले, आणि आयांमध्ये संसर्गाचं प्रमाणही जास्त होतं. औषध तेच होतं. आठवडे, निदान आणि पुढची सोय नव्हती. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदाचं मोल इथे कळतं.

कळा थांबवायच्या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. निफेडिपिनसारखं औषध प्रसूती आठवडेच्या आठवडे लांबवत नाही, ते साधारण ४८ तास मिळवून देतं. त्या तासांत दोन कामं उरकायची असतात: स्टिरॉइडचे डोस, आणि आईला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी हलवणं. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर मॅग्नेशियम सल्फेटही देतात. त्याने मेंदूच्या इजेचा धोका कमी होतो.

हलवण्याबद्दल आमचं मत ठाम आहे. बाळाला नेण्यासाठी आईच्या पोटाइतकी चांगली रुग्णवाहिका नाही. जवळच्या नर्सिंग होममध्ये प्रसूती उरकून मग किलोभराचं बाळ कुशीत घेऊन शहराकडे धावणं, हा आपल्याकडचा नेहमीचा आणि सगळ्यात महागात पडणारा क्रम आहे. रस्त्यात बाळ गार पडतं, रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो. दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होणं, कमरेत येऊन जाणारी कळ, खाली दाब, पाणी जाणं, रक्त जाणं, यांतलं काहीही ३७ आठवड्यांआधी झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला किंवा १०२ ला फोन करा. निघायच्या आधी पुढच्या रुग्णालयात वॉर्मर (बाळाला ऊब देणारी खाट) रिकामा आहे का, तेही फोनवरच विचारा.

पहिला तास

मुदतीआधीच्या बाळाला थंडी लगेच बाधते, कारण वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, कातडी पातळ आणि ऊब तयार करणारी चरबी जवळपास नाहीच. दाखल होताना बाळाचं तापमान एका अंशाने कमी असलं की मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, असं २००७ सालचा एक अमेरिकी अभ्यास सांगतो. त्यावरचे उपाय मात्र अगदी घरगुती वाटावेत असे आहेत. प्रसूतिगृहाचं तापमान २५-२६ अंशांवर, पंखा आणि एसी बंद. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला न पुसताच मानेपर्यंत स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉर्मरखाली ठेवतात. डोकं पुसून टोपी. लक्ष्य ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. बाळाला ‘पिशवीत घातलं’ म्हणून नातेवाईक घाबरतात. ती पिशवी त्वचेतून होणारं बाष्पीभवन थांबवते, आणि त्या वेळी कुठल्याही दुपट्यापेक्षा ती जास्त कामाची असते.

नाळ निदान एक मिनिट थांबून बांधावी, बाळाला लगेच श्वासाची मदत लागत नसेल तर. वारेतलं रक्त बाळात उतरतं, रक्तदाब स्थिरावतो, पुढे रक्त चढवायची वेळ कमी येते. ऑक्सिजनही बेताने द्यायचा असतो. जन्मल्या जन्मल्या कोणत्याच बाळाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९५ टक्के नसते. पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ असणं ठीकच.

श्वास

प्लास्टिकची ओली पिशवी उघडायला गेलं तर दोन्ही बाजू चिकटून बसतात. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसातल्या इवल्या फुग्यांचं हेच होतं. ते चिकटू न देणारा साबणासारखा पदार्थ, सर्फॅक्टंट, ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होत नाही. प्रत्येक श्वासाला बाळ फुगे नव्याने जोर लावून उघडतं आणि काही तासांत दमतं. बरगड्या आत ओढल्या जाणं, नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना कण्हणं ही त्याची खूण. कण्हणं म्हणजे रडणं नव्हे. घसा अर्धवट मिटून फुगे उघडे ठेवायची बाळाची धडपड असते ती.

हे सर्फॅक्टंटच्या कमतरतेने होतं, हे मेरी एलन अ‍ॅव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ साली दाखवलं. तरी उपचार नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोहून थोडा जास्त वजनाचा जन्मला आणि ३९ तासांत याच आजाराने गेला. जगातल्या सर्वांत सत्ताधारी घरातलं, आठव्या महिन्यातलं बाळ. तेव्हा मुख्यतः ऑक्सिजनच होता. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी सतत हवेचा दाब देण्याची पद्धत मांडली, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी श्वासनळीतून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचवली. आज साडेचौतीस आठवड्यांच्या बाळाला हा त्रास झाला तर जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्येही (आजारी नवजात बाळांच्या खास विभागात) त्याच्यावर नीट उपचार होऊ शकतात.

सीपॅप म्हणजे तोच दाब. साध्या प्रकारात नाकात दोन छोट्या नळ्या, आणि श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत ५ ते ६ सेंटिमीटर बुडवलेलं. जेवढं बुडेल तेवढा दाब. बाटलीत बुडबुडे येत असतील तर दाब पोहोचतोय. बुडबुडे थांबले की कुठे तरी गळती आहे: नाकातली नळी सैल झाली, टोपीची दोरी सुटली, किंवा बाळाचं तोंड उघडं पडलं. नळी घट्ट दाबून बसवली तर नाकपुड्यांमधला पडदा एक-दोन दिवसांत सोलवटतो. म्हणून नर्स दर काही तासांनी नाक तपासते. पोट फुगलं तर बऱ्याचदा ती गिळलेली हवा असते, तोंडातून घातलेली नळी उघडी ठेवून ती काढतात. सीपॅपवर ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांपुढे चढत राहिली की सर्फॅक्टंटचा विचार होतो. डोस दर किलोला १०० ते २०० मिलिग्रॅम. औषध महाग आहे आणि लवकर दिलं तरच पूर्ण उपयोगी पडतं. ‘उद्या बघू’ म्हणण्यात त्याचा बराचसा फायदा वाया जातो.

श्वास सुरळीत झाल्यावरही ३४ आठवड्यांपर्यंत बाळ श्वास घ्यायला विसरतं. २० सेकंद किंवा जास्त थांबलं, किंवा कमी थांबूनही ठोके आणि ऑक्सिजन उतरले, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. तळपायाला बोटाने चोळलं की बहुतेकदा श्वास परत सुरू होतो. औषध म्हणून कॅफीन सायट्रेट: पहिला डोस दर किलोला २० मिलिग्रॅम, नंतर रोज ५ ते १०. शेवटचा अ‍ॅप्निया होऊन पाच-सात दिवस झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. बाळ छान दिसत असताना डॉक्टर ‘आणखी चार दिवस’ म्हणतात ते म्हणून.

आणि ऑक्सिजनने डोळे जाऊ शकतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात. ऑक्सिजन जास्त झाला, सारखा वरखाली झाला, की त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात. याला आरओपी म्हणतात. म्हणून ऑक्सिजनवरच्या बाळाची पातळी ९० ते ९५ मध्ये ठेवतात. १०० दिसली तर खूश होऊ नका, नर्सला दाखवा. श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः अगदी लहान बाळांना होतो. आपल्याकडे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही होतो, कारण अनेक ठिकाणी हवा आणि ऑक्सिजन मिसळायची सोयच नसते आणि थेट सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन जातो. भारतातला नियम असा: जन्म ३४ आठवड्यांच्या आत किंवा वजन दोन किलोच्या आत, तर जन्मानंतर ३० दिवस व्हायच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहेरून डोळे टपोरे आणि निरोगी दिसतात, बाळ उजेडाकडे बघतं, आणि आत पडदा सुटत असतो. लेसरची वेळ आली तर ४८ ते ७२ तासांत व्हावं लागतं. ३० दिवस होईपर्यंत बाळ पुष्कळदा घरी गेलेलं असतं आणि ही तारीख नेमकी तिथेच हुकते. डिस्चार्ज कार्डावर ती लाल पेनाने लिहून घ्या.

दूध

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. पावडरच्या दुधावर त्याला सूज येऊन आतडं सडण्याचा आजार जास्त होतो, आईच्या दुधावर कमी. आईचं नसेल तर पेढीतलं, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून जंतुरहित केलेलं दुसऱ्या आईचं दूध. पावडर त्यानंतर.

चीक थेंबभर निघाला तरी टाकू नका. ०.१-०.२ मिली, म्हणजे दोन-तीन थेंब, गालाच्या आतून लावतात. मग दर किलोला दिवसाला १० ते २० मिलीने सुरुवात, सोसेल तसं रोज २० ते ३० मिलीने वाढवत १५० ते १८० पर्यंत. एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी दर दोन तासांनी जेमतेम एक-दीड मिली! घरच्यांना हे उपाशी ठेवणं वाटतं. सलाईनमधून साखर आणि पोषण चालू असतं, आणि दूध घाईने वाढवलं की पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीत रक्त दिसतं. मग सगळंच थांबवावं लागतं. पहिल्या आठवड्यात वजन १० ते १५ टक्के घटतं, दहा-चौदा दिवसांत भरून येतं, नंतर दर किलोला रोज १५ ते २० ग्रॅम वाढायला हवं.

३२ आठवड्यांपर्यंत दूध नळीने. ३२ ते ३४ मध्ये वाटी-चमचा किंवा बोंडलं. आजीच्या काळातलं बोंडलं इथे खरोखर उत्तम; फक्त प्रत्येक वेळी उकळलेलं हवं, आणि दूध ओतायचं नाही, ओठाशी टेकवून बाळाला ओढू द्यायचं. बाटली नको. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो, मग छातीशी.

बाळ आत पेटीत आणि आई बाहेर वॉर्डात, अशा वेळी दूध आटायला वेळ लागत नाही. जन्मल्यापासून सहा तासांच्या आत हाताने पिळायला सुरुवात करावी, दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर. पहिले दोन-तीन दिवस काही मिली निघणं अगदी स्वाभाविक आहे. बाळंतिणीला ‘तुला दूधच नाही’ असं या दिवसांत कुणी म्हणू नये. तेवढ्या एका वाक्याने पंप आणि औषधांपेक्षा मोठं नुकसान होतं.

हात

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या संसर्गाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त सापडलेले जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, आणि त्यांतले बरेच एकाहून जास्त अँटिबायोटिक्सना न जुमानणारे. वजनाने हजार ग्रॅम पार केलेलं, सीपॅप सुटलेलं बाळ तिसऱ्या आठवड्यात अचानक मलूल होतं आणि दोन दिवसांत जातं, ते बहुधा या जंतूंमुळे. त्यांना वाट मिळते ती मुख्यतः हातांतून. आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ, गंडा काढून कोपरापर्यंत दोन मिनिटं साबणाने. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सॅनिटायझर सुकेपर्यंत चोळून. नर्स किंवा डॉक्टर विसरले तर त्यांनाही सांगा. एका नर्सकडे किती बाळं आहेत, हेही बघा. व्हेंटिलेटर किती, यापेक्षा हा आकडा बाळाच्या जिवाबद्दल जास्त सांगतो, असं आम्हाला वाटतं.

छातीशी

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या पुरेनात, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने मरत. डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. आज ते गरिबांचा पर्याय उरलेलं नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत (आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय) १ ते १.८ किलोची बाळं स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली, तेव्हा मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सीपॅप चालू असतानाही हे करता येतं. त्यासाठी आईला बाळाच्याच विभागात खाट लागते, आणि तिथेच आपली रुग्णालयं अडतात.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, हनुवटी किंचित वर. मान पुढे झुकली की श्वासनळी मुडपते. वरून पट्टा किंवा मऊ सुती साडी, बाळाच्या कानाखालपर्यंत घट्ट. एका वेळी निदान एक तास, दिवसात ८ तासांहून जास्त, जमेल तितकं. सिझेरियन झालेली आई टेकून बसून करू शकते. बाबा, आजी, मावशी यांनीही करावं. बाळ अडीच किलोचं झालं की स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं, तेव्हा थांबवायचं.

३४ ते ३६ आठवड्यांची बाळं

ही पूर्ण दिवसांच्या बाळांसारखी दिसतात आणि म्हणून फसवतात. चोखता चोखता झोपतात, साखर उतरते, कावीळ चौथ्या-पाचव्या दिवशी चढते, तोवर डिस्चार्ज झालेला असतो. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं आणि घरी गेल्यावर दोन दिवसांत परत दाखवावं लागतं. मुहूर्त पाहून ३६-३७ व्या आठवड्यात सिझेरियन करून घेणाऱ्या कुटुंबांना कळकळीने सांगणं आहे की वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे भरू द्या. चांगली वेळ तीच.

घरी नेताना

वजनाचा एकच आकडा नसतो. साधारण १६०० ते १८०० ग्रॅम, सलग तीन दिवस वाढतं वजन, पेटीबाहेर टिकणारं तापमान, आणि सगळं दूध तोंडाने. निघण्याआधी मेंदूची सोनोग्राफी झाली का, कानाची बेरा चाचणी कधी, डोळ्यांची तारीख कोणती, हे विचारा. लोह दुसऱ्या आठवड्यापासून दर किलोला २ ते ४ मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट लिहून दिलेलं असतं. ‘टॉनिक संपलं’ म्हणून ते थांबवायचं नाही.

खर्चाचं. सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर एक वर्षापर्यंतचे उपचार, औषधं आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत दाखल करत असाल तर पैसे भरायच्या आधी जनआरोग्य योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला भेटा.

घरची पद्धत बदलावी लागते. धुरी, शेगडी नको. धुराने या फुप्फुसांना इजा होते. नाकाकानात तेल नको, काजळ नको, गुटी नको, मध नको. दोन किलो होईपर्यंत अंघोळ नाही, कोमट ओल्या कापडाने पुसणं पुरे. गरम पाण्याची बाटली अंगाला लावू नका, भाजतं. हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळपाय बघा: दोन्ही गरम तर छान; पोट गरम आणि पाय गार तर लगेच छातीशी; दोन्ही गार तर छातीशी धरूनच दवाखान्यात. दूध न ओढणं, मलूलपणा, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, ताप किंवा गार अंग, झटके, तळव्यांपर्यंत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसलं तरी तसंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच प्रशिक्षित बायकांकडून ऊब, दूध आणि संसर्गावरचे उपचार घरपोच करून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले, ते १९९९ साली प्रसिद्ध झालं. आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत वजनकाटा घेऊन येतात, ते त्याच कामातून आलं. त्यांना दारातून परत पाठवू नका.

आणि आता वय दोन प्रकारे मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी मान, कुशीवर वळणं, बसणं याच्या हिशेबाने चारच महिन्यांचं. दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब धरायचा. शेजारच्या बाळाशी तुलना करायची तरी याच वयाने करा. लसी मात्र जन्मतारखेवरूनच द्यायच्या, दोन महिने थांबून नाही.